मुक्कामी बसचा वाटा

उंबरखोल गावाने यंदाच्या आखाडी जत्रेला मुक्कामी बस कापायचं ठरवलं.

ही बस रोज संध्याकाळी सहाला तालुक्याहून यायची, मरीआईच्या देवळासमोर मुक्काम करायची आणि सकाळी सहा दहाला परत निघायची. एकोणीस वर्षं असं चाललं होतं. मग जूनमध्ये डेपोचं पत्र आलं. सदर गाडीचं वय झालं असून ती ग्रामस्थांना जत्रेच्या जेवणासाठी देण्यात येत आहे, टायर आणि प्रथमोपचाराची पेटी तेवढी परत करावी, असं त्यात लिहिलं होतं. तिच्या जागी दुसरी गाडी मिळेल का, याचं उत्तर ‘उपलब्धतेनुसार’ असं होतं.

गावाला आनंद झाला. जत्रेला दरवर्षी चार बोकड लागायचे आणि तरी शेवटच्या घरांना नुसता रस्साच जायचा. बस एकच पुरली असती. गावचे जुने मानकरी नाना सकपाळ यांनी लहानपणी पाटबंधाऱ्याची जीप खाल्ली होती. तिची चव त्यांना अजून आठवत होती, पण बस कधी गावाच्या वाट्याला आली नव्हती.

जत्रेच्या आठ दिवस आधी जत्रेची सुरी चालवणारे उस्मानचाचा मुलाणी येऊन बस बघून गेले. त्यांनी बॉनेट उचललं, ऑइल दोन बोटांत चोळलं, दोन-तीन बाकडी दाबून पाहिली.

“घाट चढणारी आहे,” ते म्हणाले. “अशा गाडीचं मांस गोड निघतं. टपाचं सुकं करा, बाकडी रश्श्याला ठेवा. इंजिन मात्र पहिलं उतरवायचं. राहिलं तर सगळं कडू होतं.”

हे ऐकायला देवळापाशी बरीच माणसं जमली होती. नववीतली चैत्राली सकपाळ त्यांच्या मागे उभी होती. डाव्या बाजूची तिसरी खिडकी चार वर्षं तिची होती. त्या खिडकीखाली पत्र्यावर चिंचोक्याएवढा गंजाचा डाग होता आणि घाट चढताना तो कोमट व्हायचा, हे तिच्याखेरीज कुणाला माहीत नव्हतं. चाचांनी नेमका तिथेच अंगठा दाबला आणि मान डोलावली.

“हे पोरांना द्या,” ते म्हणाले. “सगळ्यात कोवळं.”

मुलांना द्यावं का, हाच ग्रामसभेपुढचा एकमेव प्रश्न होता. सरपंच मंदाकिनी शेडगे यांनी आरोग्य खात्याचं परिपत्रक वाचून दाखवलं. सणासुदीला मुलांच्या ताटात नवीन मांस वाढताना काळजी घ्यावी. सहा वर्षांखालील मुलांना धातूचा भाग देऊ नये. ज्या वाहनातून मूल नियमित प्रवास करतं त्याचं मांस त्याला द्यावं की नाही, हा ज्या त्या कुटुंबाचा प्रश्न आहे.

“म्हणजे काहीच सांगितलं नाही,” मागून कोणीतरी म्हणालं.

“सांगितलंय की,” सरपंचबाई म्हणाल्या. “घरी जाऊन भांडा, असं सांगितलंय.”

त्याप्रमाणे सकपाळांच्या घरी त्या संध्याकाळी भांडण झालं. आई भाकरी थापत होती. पप्पा भिंतीला टेकून बसले होते. धाकटी चिनू दुसरीत होती, ती दोघांच्या मधे बसून काय काय मिळेल याचा अंदाज घेत होती.

“मला हॉर्न पाहिजे,” चिनू म्हणाली.

“हॉर्न पुजाऱ्याचा मान आहे,” पप्पा म्हणाले.

“मग घंटी.”

“घंटीला काय मांस असतंय का, येडे?”

“पोरींना नको वाढायला,” आई म्हणाली. “रोज तिच्यातून जातात-येतात. तिचंच ताटात बघायचं म्हणजे कसंतरी वाटतं.”

“बोकडाला पाला कोण घालतं? पोरंच ना? आणि खातं कोण?”

“बोकड कुणाला शाळेत सोडत नाही.”

पप्पा भिंतीचा टेका सोडून पुढे सरकले. मग म्हणाले, “हे बघ, सणाला ताटात आलेलं पोराने खाल्लंच पाहिजे. आज हे नको, उद्या ते नको, अशानं पोर पुढं कुठं टिकत नाही. आमच्या आज्यानं नानांच्या पंगतीला जीप खाल्ली. चिवट होती, पण खाल्ली. मोठी पण खाणार आणि बारकी पण खाणार.”

“मी दोनदा खाणार,” चिनू म्हणाली.

चैत्रालीला कोणी विचारलं नाही. ती फार हळू बोलायची. वर्गात हजेरी देताना तिचा ‘हजर’ पुढच्या बाकापर्यंत जेमतेम पोचायचा आणि सातवीत असताना एक संपूर्ण महिना ती गैरहजर लागली होती. त्या महिन्यात ती एकही दिवस चुकली नव्हती. तिने कालवण पुसून खाल्लं, ताट घासायला नेलं, आणि घासता घासता ठरवलं की ती बस खाणार नाही. नुसतं आपण न खाऊन भागणार नाही, हेही तिथेच तिच्या लक्षात आलं. तिने नाही म्हटलं तर तिचा तुकडा चिनू खाणार. बस कापलीच जाता कामा नये.

उंबरखोलात जत्रेच्या मटणाचे वाटे पडतात. सगळं मांस ताडपत्रीवर घेऊन गावात जितकी डोकी तितके सारखे ढीग करायचे आणि ज्या घरात जितकी डोकी तितके ढीग त्या घराला द्यायचे. त्याचे दोन नियम आहेत. जत्रेच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला जो कोणी गावच्या शिवेच्या आत मुक्कामाला असेल, त्याचं डोकं धरायचं. पाहुणा असो, बोहारीण असो, पोटातलं मूल असो. आणि ज्याच्या नावाचा वाटा यादीत वाचला गेला, त्याला सुरी लावायची नाही.

दुसरा नियम नानांच्या पणजोबांच्या वेळचा होता. तेव्हा यादी करणाऱ्याने एका घरातल्या मुलांबरोबर चुकून जत्रेचा बोकडही मोजला होता आणि ते चारचौघांत वाचलं गेलं होतं. तो बोकड पुढे अकरा वर्षं जगला. त्याला दरवर्षी वाटा जायचा. तो खात नसे, पण वाटा दारात येईपर्यंत ओरडायचा.

नानांना आता अक्षर दिसत नव्हतं, म्हणून गेली दोन वर्षं यादी चैत्राली लिहायची. तिचं अक्षर गावात सगळ्यात चांगलं होतं. ती लिहायची आणि ग्रामसेवक वाचायचे. यंदा ग्रामसेवकांची बदली झाली होती.

“लिहील त्येनंच वाचायचं,” नाना म्हणाले. “वाचशील ना गं?”

चैत्रालीने मान हलवली. नानांना ती हललेली दिसली नाही, पण त्यांनी होच धरलं.

जत्रा आखाडातल्या शेवटच्या मंगळवारी असते. यंदा त्याच दिवशी अवस होती, म्हणजे बुधवारपासून श्रावण. सोमवारी शाळेतून आल्यावर चैत्राली वही घेऊन घरोघर फिरली. ती दारात उभी राहायची, वही उघडायची आणि घरातलं कोणीतरी आपणहून डोकी सांगायचं. शेडग्यांकडे सात आणि बसचे ड्रायव्हर-कंडक्टर धरून नऊ, कारण ते दोघं तिथे जेवायचे. खालच्या आळीत एक लेक बाळंतपणाला माहेरी आली होती, तिची दोन. दिवेलागणीला तिची दोनशे बारा डोकी झाली.

मग ती देवळासमोर गेली. बस तिथे उभी होती. तिच्या टपावर पावसाचं पाणी साचलं होतं आणि ते मागच्या शिडीवरून थेंब थेंब गळत होतं. कंडक्टर भिसेमामा पायरीवर बसून कापडाने घंटीची दोरी पुसत होते.

चैत्रालीने वही उघडली.

“आमची सांगितली की शेडगेवहिनींनी,” भिसेमामा म्हणाले. “दोन.”

ती तिथेच उभी राहिली.

“ड्रायव्हर आणि मी. दोनच.”

“आणि?” चैत्राली म्हणाली.

भिसेमामांनी तिच्याकडे पाहिलं. मग वळून बसकडे पाहिलं. दोरीची घडी करून त्यांनी ती पिशवीत ठेवली.

“आणि ही,” ते म्हणाले. “मुक्कामाला आहे म्हणजे आहे. एकोणीस वर्षांत एक दिवस चुकली नाही. दरड आली तेव्हा दगड काढून आणली होती.”

“शिवेच्या आत?”

“तू बघ की. डोळे आहेत तुला.”

चैत्रालीने तिसऱ्या खिडकीखाली हात लावून पाहिला. डाग अजून कोमट होता. तिने वहीत लिहिलं, मुक्कामी बस, डोकं एक. खाली बेरीज खोडली आणि दोनशे तेरा केली.

मंगळवारी सकाळी नऊला सगळं गाव देवळापुढे जमलं. चुलवणावर तीन हंडे पाणी उकळत होतं. बायकांनी सुकं खोबरं आणि कांदा भाजून वाटण तयार ठेवलं होतं. उस्मानचाचा बसच्या पुढच्या चाकाशी सुऱ्या मांडून बसले होते. यादी वाचून झाल्यावर सुरी लावायची, असा क्रम होता.

चैत्राली देवळाच्या पायरीवर उभी राहिली. वही तिने दोन्ही हातांनी धरली होती.

पहिली तीन घरं कोणाला ऐकूच गेली नाहीत.

“मोठ्यानं,” मागून आवाज आला.

“पोरगी वाचतीय का मनात म्हणतीय?”

माणसं हसली. चैत्रालीने वही जरा वर धरली, म्हणजे माणसं दिसेनात, आणि पहिल्यापासून सुरुवात केली. चौथ्या घराला आवाज पिंपळापर्यंत गेला. दहाव्याला हंड्यांपर्यंत गेला. खालच्या आळीतल्या माहेरवाशिणीचं नाव आलं तेव्हा उस्मानचाचांनी सुरी घासायची थांबवून कान दिला. अक्षर तिचंच होतं, त्यामुळे कुठे अडलं नाही. शेवटी तिने पान उलटलं.

“मुक्कामी बस. डोकं एक. एकूण दोनशे तेरा.”

वाटणापाशी बसलेल्या बायका उठून पुढे आल्या.

“परत वाच,” सरपंचबाई म्हणाल्या.

चैत्रालीने परत वाचलं. या वेळी तिने वही खाली धरली होती.

“ही चुकली,” पप्पा पुढे येऊन म्हणाले. “लहान आहे. घाईत लिहिलं असेल. ते खोडून टाक, चैते.”

“चुकलं नाही,” चैत्राली म्हणाली.

“बस खायची आहे. तिला कसला वाटा?”

“काल दिवेलागणीला ती शिवेच्या आत मुक्कामाला होती.”

नानांनी काठी दोनदा आपटली. “कुणी बघितली?”

“मी बघितली. हात लावून.”

“मीही होतो,” भिसेमामा म्हणाले. “आत झोपतो मी तिच्या.”

सरपंचबाईंनी डेपोचं पत्र काढलं. “इथं स्पष्ट लिहिलंय, जेवणासाठी देण्यात येत आहे. शिक्का आहे.”

“पत्र तालुक्याचं हाय,” नाना म्हणाले. “वाटा गावचा हाय.”

“नाना, वाटण तयार आहे. दोनशे बारा माणसं उपाशी आहेत.”

“दोनशे तेरा,” नाना म्हणाले. “वाचल्यालं माघारी घ्याचं न्हाई. आमच्या पणजाला बोकडाचं माघारी घेता आलं न्हाई, आन् ते तर नुसतं बोकड व्हतं.”

उस्मानचाचा सुऱ्या फडक्यात गुंडाळू लागले. त्यांच्याही घराण्याला हा नियम ठाऊक होता. तेवढ्यात नानांनी हात वर केला.

“पर एक हाय,” ते म्हणाले. “वाटा घराला जातो. सुट्ट्या डोक्याला वाटा न्हाई. त्या बोकडाला पण घर व्हतं. ही कुणाच्या घरात धरली?”

चैत्रालीने वहीत पाहिलं. बसच्या नावापुढे घराचा रकाना कोरा होता. तिने सगळं नीट केलं होतं आणि हे एवढंच तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

“मामा, तुमच्यात?” सरपंचबाईंनी विचारलं.

“माझं घर खाली सपाटीला आहे,” भिसेमामा म्हणाले. “इथं मी ड्युटीवर असतो. मीच तुमच्यात आहे.”

“तुम्ही दोघं आमच्याकडे जेवता म्हणून आमच्यात. बस काही आमच्याकडे जेवत नाही.”

“मग नोंद पडत न्हाई,” नाना म्हणाले. त्यांना ते सांगताना बरं वाटलं नाही, पण नियम तसा होता. “घर न्हाई तर डोकं न्हाई.”

उस्मानचाचांनी फडकं पुन्हा उलगडलं. चिनू पुढे सरकली, कारण तिला चाकाजवळची जागा हवी होती.

“आमच्यात लिहिते मी,” चैत्राली म्हणाली. सगळ्यांना ऐकू गेलं.

“लिहिशील तू,” नाना म्हणाले. “पर घरातलं डोकं घरचा कर्ता सांगतो. तू कर्ती न्हाईस.”

पप्पा तिच्याकडे बघत होते. इतक्या लांबून त्यांनी तिचा आवाज कधी ऐकला नव्हता. त्यांनी बसकडे पाहिलं, मग हंड्यांकडे, मग डोक्यावरची टोपी काढून झटकली आणि परत घातली.

“तुमच्या घरात किती डोकी, संभाजी?” नानांनी विचारलं.

“चार,” पप्पा म्हणाले.

चैत्राली पेन धरून उभी होती. तिने मान खाली घातली नाही.

“आणि ही एक,” पप्पा म्हणाले. “पाच. लिहा.”

चैत्रालीने कोऱ्या रकान्यात सकपाळ लिहिलं. उस्मानचाचांनी फडक्याला गाठ मारली.

आता काय कापायचं, यावर गाव बराच वेळ बोललं. पाण्याच्या टँकरचं नाव निघालं, पण त्याच्या पोटात कित्येक वर्षं काहीच नव्हतं. शेवटी कोणीतरी घाटाच्या वळणावरच्या रोडरोलरचं नाव काढलं. ठेकेदार रस्ता अर्धा टाकून गेला होता, तेव्हापासून बारा वर्षं तो तिथेच होता. त्याच्यावर आता रानवेल चढली होती.

“पण तोही शिवेच्या आत असला तर?” सरपंचबाई म्हणाल्या. “परत तेच.”

सगळ्यांनी चैत्रालीकडे पाहिलं.

“शिवेच्या दगडाच्या दोन हात पलीकडे आहे,” ती म्हणाली. “रोज खिडकीतून दिसतो.”

रोलर ओढून आणायला चार बैल लागले. त्याचं मांस काळपट होतं आणि चाचांच्या दोन सुऱ्या बोथट झाल्या. दुपारी चारला तो शिजला. दोनशे तेरा ढीग पडले आणि शेवटच्या घरांनाही या वेळी मांस गेलं. मुलांना वाढावं की नाही, हे परत कोणी काढलं नाही. रोलरमधून कोणी शाळेत गेलं नव्हतं. चैत्रालीने दोन फोडी खाल्ल्या. रोलर तिला ओळखत नव्हता.

“चिवट आहे,” पप्पा चावता चावता म्हणाले. त्यांच्या आवाजात समाधान होतं. “जीप अशीच असणार.”

“बसचं कधी करायचं?” चिनूने विचारलं.

“बस घरातली आहे,” आई म्हणाली. “घरातल्याबद्दल असं बोलू नये.”

बसचा वाटा सकपाळांच्याच पातेल्यात आला होता. तो द्यायची वेळ आली तेव्हा आईच्या हातातला डाव तसाच राहिला. हे असलं मांस बसने आजवर खाल्लेलं नव्हतं. तिला सोसेल का, आणि द्यावं तर किती, हा घरचाच प्रश्न होता.

“एकोणीस वर्षांची आहे,” आई म्हणाली. “मोठी धरायची का लहान?”

पप्पांनी विचार केला. “तिला फोडी नको,” ते म्हणाले. “पहिल्यांदाच खातीय. नुसता रस्सा दे, तिखट बेताचं. नको म्हणाली तर जबरदस्ती करायची नाही.”

आईने त्यांच्याकडे पाहिलं आणि रस्सा झाकणाच्या वाटीत ओतला.

चैत्राली झाकणाची वाटी घेऊन देवळासमोर गेली. भिसेमामांनी रेडिएटरचं झाकण फिरवून दिलं. तिने रस्सा हळूहळू ओतला, मधे दोनदा थांबली आणि वाट पाहिली. बसने तिसऱ्यांदाही काही कुरकुर केली नाही, तेव्हा तिने वाटी निथळून घेतली.

संध्याकाळी सरपंचबाईंनी डेपोला उत्तर लिहवून घेतलं. अक्षर चैत्रालीचं होतं. सदर गाडी संभाजी सकपाळ यांच्या कुटुंबात असल्याने खाता आली नाही. प्रथमोपचाराची पेटी गाडीतच आहे. ‘दुसरी गाडी उपलब्ध झाल्यास,’ सरपंचबाईंनी सांगितलं, ‘तिला पहिल्याच दिवशी मुक्कामाला पाठवू नये. आधी जेवायची का राहायची, ते कळवावं.’

बुधवारी सकाळी सहा दहाला बस निघाली. घाटाच्या वळणावर शिवेच्या दगडापलीकडे रोलरची जागा रिकामी होती आणि तिथलं गवत पांढरं पडलं होतं. चैत्राली तिसऱ्या खिडकीपाशी डबा मांडीवर घेऊन बसली होती. भिसेमामांनी तिला तिकीट विचारलं नाही, पास विचारला आणि तिने तो दाखवला. चढाला डाग कोमट झाला.

श्रावण लागला होता. डब्यात भेंडी होती आणि बसला नेहमीसारखं डिझेल.